घरी स्पोर्टबोट बांधायची आहे: आराखडे की किट, आणि खरी मेहनत कुठे लागते

प्रश्न थोडक्यात असा: साडेपाच मीटरच्या आसपासची, दोन-तीन जणांनी पळवायची हलकी स्पोर्टबोट घरच्या गॅरेजमध्ये बांधायची आहे. फर्निचर करण्याइतपत सुतारकाम येतं, शिडाच्या होडीवर बसायची सवय आहे, पण फायबरग्लास आणि इपॉक्सीला (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेला) आजवर हात लावलेला नाही. आराखडे घेऊन सगळं स्वतः कापावं की कापून आलेलं किट घ्यावं? आणि पैशांच्या दृष्टीने हे परवडतं का?

पैशांचं आधी उरकून टाकतो. पैसे वाचावेत म्हणून होडी बांधायला घेऊ नका. होडी बांधणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सांगाडा, म्हणजे तळ, बाजू आणि डेक. पूर्ण होडीच्या खर्चात आणि कष्टात त्याचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश असतो. बाकीचं डोलकाठी, शिडं, कप्प्या, दोर, कील (होडीखाली उतरणारं उभं पातं), सुकाणू, रंग आणि ट्रेलर यांत जातं, आणि ते सगळं तुम्हाला कारखान्याइतक्याच, बहुधा त्याहून महाग दराने घ्यावं लागतं. जुनी, वापरलेली होडी घेतली तर हे सगळं तिच्यासोबत येतं. शिवाय घरी बांधलेली होडी विकायला काढली की घेणारा हात आखडता घेतो, काम कितीही नेटकं असो. तेव्हा बांधण्यातच रस असेल तर बांधा. फक्त पाण्यावर जायचं असेल तर या हंगामात वापरलेली होडी घ्या आणि मोकळे व्हा. यात कमीपणा काही नाही.

मात्र घरी बांधलेली होडी म्हणजे कामचलाऊ होडी, हा समज डोक्यातून काढा. ब्रिटनमध्ये १९६३ साली मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी आली. दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे डिझायनर जॅक होल्ट यांनी ती मिळून केली होती. प्लायवूडचे पत्रे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी राळेने बसवायची, एवढीच तिची युक्ती. सत्तर हजारांहून जास्त मिरर बांधल्या गेल्या, त्यातल्या असंख्य घरांत आणि शेडमध्ये, ज्यांनी आधी कधी होडी बांधली नव्हती त्यांच्या हातून. आजच्या घरगुती स्पोर्टबोटी याच शिवण-पद्धतीच्या वारसदार आहेत. क्रिस बेकविथ यांची अठरा फुटी आय-५५० हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. डडली डिक्स यांच्या आराखड्यांत तळ आणि बाजू यांच्यामधला कोपरा टोकदार न ठेवता प्लायच गोल वळवून बसवतात. त्यांची साडेसहा मीटरची डिडी मिनी त्याच जातीची. ती दिसते देखणी, पण पहिल्या होडीला तो गोलावा जरा जड जातो.

आता मुद्द्यावर येतो. घरी बांधायच्या बहुतेक होड्या चुका पोटात घालतात. वल्ह्याची होडी वीस किलो जड झाली तर कुणाला कळतही नाही. स्पोर्टबोट तशी नाही. साडेपाच मीटर लांबीची होडी पाणी कापत चालते तेव्हा तिची वेगमर्यादा साधारण ५.७ नॉट असते. पाण्यातल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले २.४३, हा त्याचा ढोबळ हिशोब. स्पोर्टबोटीची सगळी मजा त्या मर्यादेपलीकडे, पाण्यावर उचलून घसरत जाण्यात आहे. ते उचलणं वजनावर ठरतं. आणि एवढ्या हलक्या होडीवर एवढं मोठं शीड उभं राहतं ते कीलच्या टोकाला खाली खोलवर टांगलेल्या शिशाच्या गोळ्यामुळे. म्हणून वजन आणि कील, या दोन ठिकाणी ढिलाई चालत नाही. बाकी जवळपास सगळीकडे चालते. नवशिके नेमकं उलट करतात. डेकच्या चकाकीवर महिनोन्‌महिने घासकाम करतात आणि कीलची पेटी, म्हणजे कील जिच्यात बसते आणि वरखाली सरकते ती चौकट, एका शनिवारी उरकतात.

आराखडे की किट? पहिल्या होडीला माझं मत सरळ किटकडे आहे, पण लोक देतात त्या कारणासाठी नाही. किटने वेळ फार वाचत नाही. प्लाय आखून कापणं हे पूर्ण कामातले फार तर काही आठवडा-अखेरांचं काम आहे. किटचा खरा फायदा अचूकपणात आहे. यंत्रावर कापलेल्या आडभिंती, म्हणजे बल्कहेड, आणि उभ्या पट्ट्या एकमेकांच्या खाचांत बसतात आणि होडीला तिचा आकार घ्यायला भाग पाडतात. जिगसॉने कापताना प्रत्येक तुकड्यात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की ते सांध्यांत साचत जातात, आणि मग ती फट भरायला घट्ट इपॉक्सी, म्हणजे परत वजन. लांब पत्रे जोडायला किटमध्ये बहुधा कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत अडकणारे सांधे असतात. स्वतः कापणार असाल तर जाडीच्या आठपट लांबीचा तिरपा सांधा करावा लागतो. ६ मिमी प्लायला ४८ मिमीचा उतार. चार पत्रे पायऱ्यांसारखे रचून एकदम रंधा मारला तर तो छान येतो आणि हे शिकण्यासारखं काम आहे, पण तुम्हाला शिकायला इतर बरंच काही आहे.

किट घेताना एकच खबरदारी. ‘किट’ या शब्दात काय काय आहे ते लेखी विचारा. बहुतेक वेळा त्यात फक्त कापलेला प्लाय असतो. इपॉक्सी, फायबरग्लासचं कापड, लाकडी पट्ट्या, कील, सुकाणू, धातूकाम यातलं काहीच नसतं. खोकं आलं की अर्धी होडी आली असं वाटतं, तसं ते नसतं.

आराखडेच घ्यायचे ठरवलंत तर आधी डिझायनरकडचा स्वस्तातला अभ्यास-आराखडा मागवा. त्यात मी तीन गोष्टी शोधतो. पहिली, कील, तिची पेटी आणि तिथल्या जोडकामाचं स्वतंत्र, मापांसह रेखाचित्र आहे का. दुसरी, वजनाचा हिशोब दिला आहे का. ‘हलकी’ असं नुसतं लिहिलेलं नको, भागवार किलो हवेत. तिसरी, त्या आराखड्यावरून बांधलेल्या होड्या पाण्यात आहेत का, आणि त्यांच्या मालकांशी बोलता येतं का. कागदावर सुंदर दिसणारी, पण कुणी बांधलेलीच नाही अशी होडी पहिल्या खेपेला घेऊ नका. कागदी पूर्णाकृती नमुने मिळाले तर एक लक्षात ठेवा. कागद दमट हवेत ताणतो. मुख्य मापं टेपने पडताळल्याशिवाय करवत लावू नका. आणि आराखडा साधारणपणे एका होडीपुरताच असतो. दुसरी बांधायची तर डिझायनरचे पैसे पुन्हा द्यायचे.

प्लायऐवजी फोम सँडविच (दोन कापडांच्या मध्ये फोम), व्हॅक्यूम, कार्बन वगैरेचा मोह होईल. होडी त्याने नक्की हलकी होते. पण तिथे राळ सगळीकडे पोचली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि फोम व कापड यांच्यात सुटलेली जागा पहिल्या मोठ्या लाटेपर्यंत लपून राहते. प्लाय प्रामाणिक आहे. चुकलं तर दिसतं.

प्लायबद्दल. मरीन प्लायवर बीएस १०८८ हा ब्रिटिश मानकाचा शिक्का असतो, पण शिक्का छापणं सोपं आहे. पत्र्याची कड नीट पाहा. आतल्या थरांत पोकळ्या दिसता कामा नयेत. एक तुकडा कापून काही तास पाण्यात उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर अख्खा माल परत करा. आणि पत्रा वजनकाट्यावर ठेवा. १.२२ बाय २.४४ मीटरचा ६ मिमीचा, ओकुमे या हलक्या लाकडाचा पत्रा साधारण आठ-नऊ किलोंचा भरतो. मेरांटी लाकडाचा त्याहून बराच जड असतो. दहा-बारा पत्र्यांत हा फरक वीस-पंचवीस किलोंवर जाऊ शकतो. ओकुमेला ओल सोसत नाही, लवकर कुजतो, म्हणून त्याची प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद झालंच पाहिजे. स्पोर्टबोटीसाठी तरीही मी ओकुमेच घेईन.

कामाला हात घालताना होडीपासून सुरुवात करू नका. आधी सुकाण्याचं पातं करा. तुम्हाला लागणारं जवळजवळ प्रत्येक कौशल्य त्या एका पात्यात आहे. लाकडाच्या पट्ट्या चिकटवणं, रंध्याने आकार काढणं, कापड बसवणं, लांबी (पुट्टी) भरून घासणं. आकारासाठी नाका (NACA) ००१२ यासारखा, पात्यांच्या प्रमाणित आकारांतला सममित छेद घ्या. त्यातल्या शेवटच्या बाराचा अर्थ जाडी रुंदीच्या बारा टक्के. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पातळ प्लायच्या पट्टीत त्या छेदाचा अर्धा साचा कापा आणि पात्यावर ठेवून उजेडाकडे धरा. जिथून उजेड येतो तिथे अजून घासायचं नाही, जिथे साचा टेकतो तिथे घासायचं. मागची कड सुरीसारखी धारदार करू नका. दोनेक मिलिमीटर जाड ठेवून किंचित तिरपी, चौकोनी कापा. पूर्ण गोल ठेवली तर वेगात पातं गुणगुणायला लागतं. हे पातं करताना कंटाळा आला, इपॉक्सीची किळस वाटली, तर थांबा. नुकसान एका पात्याचं होईल.

जागेचं गणित सोपं आहे, पण लोक दार मोजायला विसरतात. होडीभोवती सगळीकडून निदान एक मीटर फिरता आलं पाहिजे, आणि होडी एकदा उलटी व एकदा सुलटी करावी लागते. दार अरुंद असेल तर ती कलती करून, कुशीवर घेऊन बाहेर निघेल का, हे पुठ्ठ्यावर मापाने काढून पाहा. चाकांच्या घोडीवर बांधली तर एकट्याने हलवता येते.

सांगाडा उभा करताना शिवणीची भोकं, तारा किंवा प्लास्टिकचे टाय, हे सगळं भराभर होतं आणि दोन दिवसांत होडी उभी राहिल्यासारखी दिसते. इथे घाई सोडा. होडीला पीळ बसतो तो याच वेळी. मध्यरेषेवर नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या पाटीपर्यंत दोरी ताणून ओळंबे सोडा. प्रत्येक आडभिंतीवर लेव्हल ठेवा. नाळेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचे कर्ण मोजा, ते सारखे आलेच पाहिजेत. मग मागे जाऊन उकिडवे बसा, आणि मागच्या पाटीची वरची कड व पुढच्या एखाद्या आडभिंतीवर ठेवलेली सरळ पट्टी एका नजरेत घ्या. समांतर दिसल्या पाहिजेत. डोळा इथे लेव्हलपेक्षा जास्त खरं सांगतो. कोपऱ्यांत इपॉक्सी बसली की पीळ कायमचा. मग होडी एका बाजूला वाऱ्यावर चांगली जाते आणि दुसऱ्या बाजूला अडून बसते, आणि मालक पुढची पाच वर्षं शिडाला दोष देत राहतो.

आता वजन कुठून येतं ते बघू. प्लायचं वजन ठरलेलं आहे, वाढतं ते इपॉक्सीमुळे. त्यातही सगळ्यांत चोरटं वजन कोपऱ्यांतल्या गोलाव्यात असतं. दोन पत्रे जिथे काटकोनात भेटतात तिथे घट्ट केलेल्या इपॉक्सीचा गोलावा भरतात, त्याला फिलेट म्हणतात. त्याचं छेदाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या सुमारे ०.२१ पट असतं. १२ मिमी त्रिज्येचा गोलावा भरला तर दर मीटरला साधारण ३१ घनसेंटीमीटर माल लागतो. २५ मिमी त्रिज्या केली तर १३४. भरणी मिसळलेल्या इपॉक्सीचा घनसेंटीमीटर साधारण एक ग्रॅम धरा. अशा होडीत आडभिंती, पट्ट्या, पेट्या मिळून चाळीस मीटर कोपरे सहज होतात. म्हणजे एका हाताचा अंगठा फिरवून केलेला बारीक गोलावा सव्वा किलोत बसतो आणि ‘मजबूत असावा’ म्हणून केलेला जाड गोलावा सव्वापाच किलो खातो. ताकद गोलाव्यावर बसवलेल्या कापडाच्या पट्टीतून येते, गोलाव्याच्या जाडीतून नाही. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाचे कोपरे १२ आणि १५ मिमी त्रिज्येत कापून ठेवा आणि आराखडा जास्त मागत नाही तिथे तेच वापरा.

कापडाचंही तसंच. २०० ग्रॅमच्या कापडाला चांगल्या हाताने दर चौरस मीटरला जवळपास तेवढीच राळ लागते. वर विणीच्या खाचा भरायला आणखी दोन हात द्यावे लागतात. नवशिका राळ ओतून ठेवतो, कापड तिच्यावर तरंगतं, आणि चमक बघून त्याला समाधान वाटतं. चमक म्हणजे जास्तीची राळ. कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे, नुसतं पारदर्शक झालं पाहिजे. रबरी पट्टीने जास्तीची ओढून काढा. ओली असतानाच वर पील प्लाय (वाळल्यावर सोलून काढायचं कापड) अंथरलंत तर पृष्ठभाग सपाट येतो, घासकाम निम्म्यावर येतं आणि वजनही आटोक्यात राहतं. बाहेरून साधारण चौदा चौरस मीटरची होडी धरली तर दर चौरस मीटरला शंभर ग्रॅमचा एक फुकटचा हात म्हणजे जवळपास दीड किलो. असे हात मोजायला लागा.

मी सांगेन ती सवय एकच. दारापाशी वजनकाटा आणि वही. होडीत जाणारी प्रत्येक वस्तू, प्रत्येक वाटी इपॉक्सी, आत जाण्याआधी तोलायची आणि लिहायची. घासून निघालेली धूळ वजा करायची गरज नाही, तेवढा फरक चालतो. डिझायनरच्या भागवार हिशोबाशी दर महिन्याला ताडून बघा. वजन पुढे गेलं तर कुठे गेलं हे कळेल. वर्षाच्या शेवटी होडी काट्यावर टांगून कळलं तर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. टोकांकडचं वजन मधल्या वजनापेक्षा जास्त त्रास देतं, कारण होडी लाटेत पुढेमागे डुलते. नाळेत आणि मागच्या पाटीजवळ जाड गोलावे, जाड रंग, जड कड्या टाळा.

इपॉक्सीचे काही नियम पाठ करा. राळ आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, कुठे पाचास एक, कुठे दोनास एक. ते आकारमानाने आहे की वजनाने हे आधी पाहा, कारण दोन्ही सारखे नसतात. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढवू नका. इपॉक्सी तशी वाळत नाही, कच्ची राहते. कप भरून तशीच ठेवली तर स्वतःच्या उष्णतेने तापते, धूर सोडते, कप वितळवते. मिसळल्यावर लगेच पसरट तबकात ओता. वाळलेल्या थरावर कधीकधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने आधी धुवायचा, मग पॉलिश पेपर. उलटं केलंत तर मेण लाकडात घासलं जातं आणि पुढचा थर धरत नाही. उघड्या लाकडावर पहिला हात देताना तापमान उतरत असलेली वेळ निवडा, म्हणजे संध्याकाळ. सकाळी हवा तापत जाते तसा लाकडातला वायू फुगतो आणि थरात बुडबुडे उठवतो. उतरत्या तापमानात लाकूड राळ आत ओढून घेतं.

आणि हातमोजे. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी हळूहळू साचत जाते आणि एकदा झाली की सहसा जात नाही. निम्म्या होडीवर येऊन अंगावर पुरळ उठल्यामुळे काम सोडणारे लोक आहेत. नायट्रिलचे मोजे घाला, हातावर लागलेली राळ सॉल्व्हंटने पुसू नका, कारण त्याने ती कातडीत आणखी आत जाते. साबण-पाणी किंवा हात धुण्याची पेस्ट वापरा. पूर्ण न वाळलेली इपॉक्सी घासताना मास्कशिवाय उभं राहू नका.

आता कील. साध्या आकड्यांनीच बोलू. समजा शिशाचा गोळा ८० किलोंचा आहे आणि तो तळापासून १.२ मीटर खाली आहे. होडी वाऱ्याच्या झोताने पूर्ण आडवी पडली. गोळा आता बाजूला लोंबतोय आणि कीलच्या पेटीवर ९६ किलोग्रॅम-मीटरचा पीळ आहे, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला ९६ किलो. पेटीत कीलला तळाशी एक टेकू आणि ४० सेंटीमीटर वर, डेकजवळ दुसरा. तर वरच्या टेकूवर २४० किलोंचा आडवा दाब येतो आणि तळाच्या टेकूवर त्यात गोळ्याचे ८० मिळवून ३२०. हे नुसतं स्थिर वजन झालं, तेही कीलच्या पात्याचं वजन न धरता. लाट, आपटणं, वाळूवर अडकणं यांत हे आकडे कितीतरी पटीने वाढतात. होडीचा तळ ६ मिमी प्लायचा आहे हे लक्षात घेतलंत तर कळेल की पेटी तळाला नुसती चिकटवून भागत नाही. तो भार लांब पट्ट्यांतून, आडभिंतींतून आणि डेकमधून सगळीकडे वाटला गेला पाहिजे. डिझायनरने दाखवलेली कापडाची प्रत्येक पट्टी तिथे दाखवलेल्या लांबीची आणि दिशेची द्या. इथे वजन वाचवायचं नाही. कीलवर भार किती धरायचा यासाठी आयएसओ १२२१५-९ हे स्वतंत्र मानक आहे. डिझायनरने त्याप्रमाणे गणित केलं आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

या भागात स्वतःचं डोकं अजिबात चालवू नये, हे स्पष्टच सांगतो. कील दहा सेंटीमीटर लांब केली तर होडी अजून ताठ उभी राहील, गोळा थोडा जड घेतला तर बरं, असे विचार सगळ्यांना येतात. होडी ताठ झाली की डोलकाठी, तिच्या तारा, त्या जिथे अडकतात ते धातूचे कान आणि तळ, सगळ्यांवरचा भार वाढतो. कुठेतरी एक दुवा तुटतो.

शिसं घरी ओतू नका. ते ३२७ अंशांना वितळतं म्हणून सोपं वाटतं, पण साच्यात पाण्याचा एखादा थेंब राहिला तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं, आणि धुराचं विष निराळंच. ओतीव गोळा विकत घ्या किंवा ओतशाळेकडून करून घ्या. तुमचा वेळ पात्याच्या आकारावर आणि ते पेटीत नीट बसण्यावर खर्च करा. पातं आणि पेटी यांच्यात खेळ राहिला तर प्रत्येक लाटेला कील ठोकते आणि त्या ठोक्यांनी पेटी महिन्याभरात ढिली होते. घट्ट पण सरकणारी गादी, म्हणजे वरखाली दोन्ही टेकूंना प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा इपॉक्सीतला जाडसर थर, हा चांगला उपाय आहे. आणि कील खाली केली की तिला कुलूप पाहिजे. पिन असो वा बोल्ट, होडी उलटी झाली तरी कील आत सरकता कामा नये. वर उचलता येणाऱ्या कीलची होडी कुलूप न लावता चालवणं हे मी पाहिलेल्या बेपर्वाईत सगळ्यांत वरचं आहे.

डेकवर कड्या, कप्प्या, तारांचे कान बसवताना प्रत्येक भोकाचा एकच विधी. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्याच्या मध्यातून योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे स्क्रूच्या कडेने झिरपलेलं पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. कंटाळवाणं आहे, शेकडो भोकं आहेत, आणि तरीही एकही सोडायचं नाही. होडी कुजते ती नेहमी एका विसरलेल्या भोकापासून. ज्या कड्यांवर भार आहे त्यांच्याखाली आतून प्लायचा जाड ठोकळा हवा, नुसता वॉशर पुरत नाही.

घासकाम. पुढच्या अर्ध्या भागातला तळ, कील आणि सुकाणू यांवर जीव ओता. लांब लवचिक पट्टीवर पॉलिश पेपर लावून तिरपे हात मारा. बाकीची होडी हात लांब करून पाहिल्यावर बरी दिसली की थांबा. डेकच्या आतल्या बाजूला लांबी लावणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलं आहे. रंग फिका ठेवा, पांढरा सगळ्यांत उत्तम. गडद होडी उन्हात इतकी तापते की इपॉक्सी मऊ पडू लागते आणि कापडाची वीण पृष्ठभागावर उमटते. रंग किंवा यूव्ही रोखणारं वॉर्निश याशिवाय इपॉक्सी उन्हात टिकत नाही.

डोलकाठीसाठी एखाद्या मोठ्या डिंगीची वापरलेली काठी शोधा, पण ती तुमच्या होडीच्या ताठपणाला पुरते की नाही हे डिझायनरला विचारून. शिडं सगळ्यांत शेवटी शिवून घ्या. दोन वर्षं कपाटात पडलेलं शीड नवं राहत नाही, आणि तोवर काठीचं माप बदललेलं असतं.

नियमांचं देशागणिक वेगळं आहे. युरोपीय संघात २.५ ते २४ मीटरच्या होड्यांना २०१३/५३ हा निर्देश लागू आहे, पण स्वतःच्या वापरासाठी स्वतः बांधलेली होडी त्यातून सुटते, पाण्यात उतरवल्यापासून पाच वर्षं ती बाजारात विकली नाही तर. तुमच्याकडे नोंदणी आणि विमा यांचं काय, हे पहिला पत्रा कापण्याआधी विचारा. बांधकामाचे फोटो, इपॉक्सीच्या पावत्या आणि ती वजनाची वही जपून ठेवा. विमेवाला आणि शर्यतीच्या वर्गासाठी होडी मोजणारा मापक दोघेही ते मागतात.

पाण्यात टाकण्याआधी होडीतल्या हवाबंद कप्प्यांची, म्हणजे बंद खणांची, तपासणी करा. झाकणं लावून, एका नळीतून तोंडाने हलकेच हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. कॉम्प्रेसर लावू नका, कप्पा आतून फुटतो. मग शांत, उथळ नसलेल्या पाण्यात, कील खाली कुलूपबंद करून, डोलकाठीचं टोक पाण्याला टेकेपर्यंत होडी मुद्दाम आडवी पाडा. सोडल्यावर ती स्वतः उठते का, आणि किती पाणी आत घेऊन उठते, हे किनाऱ्यावर चार माणसं उभी असताना कळलेलं बरं. सहा मीटरच्या आतल्या होड्यांच्या स्थैर्यासाठी आयएसओ १२२१७ चा तिसरा भाग आहे, त्यातल्या चाचण्या वाचून ठेवा.

पहिल्या काही खेपा मोठं स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं फुगीर शीड) घरी ठेवून, फक्त मुख्य शीड आणि छोट्या जिबवर, म्हणजे पुढच्या शिडावर करा. प्रत्येक खेपेनंतर टॉर्च घेऊन आत शिरा आणि कीलच्या पेटीच्या कोपऱ्यांत, तारांच्या कानांखाली आणि सुकाण्याच्या बिजागऱ्यांपाशी केसासारखी रेघ उमटली आहे का ते पाहा. रंगातली रेघ आणि कापडातली रेघ यांत फरक असतो. नखाने जाणवली तर पेपर मारून आतपर्यंत जा, आणि ती कापडात उतरलेली दिसली तर डिझायनरला फोटो पाठवल्याशिवाय पुन्हा पाण्यात जाऊ नका.